सभासदांस जाणारे निरोप व त्यांतील रिकाम्या जागा

छापील पत्राच्या नमुन्यांत सभासदाचें नांव, रक्कम व तारीख हातानें भरण्याचें कारकुनाचें काम आतां संगणक करितो. मजकूर एकदां ठरवावयाचा. जें सभासदागणिक बदलतें, तेथें खुणेची जागा सोडावयाची. यंत्र यादींतील एकेक ओळ घेऊन ती जागा भरतें व हजारों निरोप भ्रमणध्वनीवर रवाना होतात. भरतांना पाहणारा डोळा मात्र मध्यें नसतो. म्हणून नमुना करणाऱ्यानें तीन गोष्टी आधींच पाहाव्यात.

पहिली गोष्ट व्याकरणाची. मराठींत प्रत्यय लागतांच शब्दाचें रूप बदलतें. ‘आपल्या [पीक]ची पट्टी तयार आहे’ असा नमुना केल्यास ‘आपल्या कांदाची पट्टी’ असा विद्रूप निरोप जातो. यास्तव प्रत्यय खुणेस न जोडतां पुढील कायम शब्दास जोडावा: ‘[पीक] या पिकाची पट्टी’, ‘[गांव] या गांवीं’. नांवापुढें ‘यांस’, ‘यांचें’ अशीं आदरार्थी रूपें योजावींत; त्यांत स्त्रीपुरुषभेदाची अडचणही राहत नाहीं.

दुसरी गोष्ट लांबीची. एका निरोपांत रोमन लिपीचीं १६० चिन्हें मावतात. देवनागरीचीं केवळ ७०. त्यांत काना, वेलांटी व हलन्त हीं निरनिराळीं मोजलीं जातात. ‘लक्ष्मीबाई’ या एका नांवासच १० चिन्हें लागतात. मर्यादा ओलांडतांच निरोपाचे तुकडे पडतात व खर्च वाढतो. म्हणून हिशेब यादींतील सर्वांत लांब नांव धरून करावा. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार असे नमुने आधीं नोंदवावे लागतात. तेव्हां चूक नोंदणीपूर्वींच शोधणें हिताचें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यादींत नांव नसेल, तर ‘सभासद बंधुभगिनी’ असें घालून काम भागतें. परंतु रक्कम किंवा तारीख नसेल, तर तेथें शून्य अथवा अंदाज कदापि भरूं नये. तो निरोप थांबवावा. यादींतील रकमेचा रकाना एका ओळीनें सरकला, तर एकाचें कर्ज दुसऱ्याच्या नांवावर जाऊन पोहोंचतें; आणि असा निरोप नांवानिशीं आलेला असल्यामुळें वाचणारा तो खरा मानतो.

यास्तव निरोप सोडण्यापूर्वीं यादींतील चार ओळी निवडाव्यात: एक सर्वांत लांब नांवाची, एक स्त्री सभासदाची, एक रिकाम्या रकान्याची व एक यादीच्या अखेरची. त्या भरून पाहाव्यात व मूळ खतावणीशीं ताडाव्यात. नांव घालून केलेल्या संबोधनानें सभासदास आपलेपणा वाटतो खरा. पण त्याचा विश्वास टिकतो तो बिनचूक आंकड्यावरच.