गाइड सांगतो ते कशावरून? : माया शहरांतला एक दिवस आणि साधनचिकित्सा

पेटची किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताना 'प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक सांगा' हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. पण समोर एखादं वाक्य ठेवून कुणी 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असं विचारलं की गाडी अडते. साधनचिकित्सा हा व्याख्येपेक्षा सवयीचा भाग आहे, आणि सवय सरावानेच लागते.

म्हणून आज एक सराव करू. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात मेरिदा नावाचं शहर आहे. तिथून एका दिवसाच्या सहली निघतात. सकाळी इसामाल हे वसाहतकालीन गाव, दुपारी चिचेन इत्झाचे माया अवशेष, संध्याकाळी वायादोलिद हे जुनं स्पॅनिश शहर. सोबत गाइड. (गाइड म्हणजे इथे पर्यटकांना फिरवणारा. तुमचा तो दुसरा गाइड शेवटी येईल.)

हा गाइड दिवसभर बोलत असतो आणि सगळी वाक्यं सारख्याच खात्रीने सांगतो. आपण फक्त वहीत त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक खूण करायची:

दिसतं – स्वतः पाहून किंवा मोजून तपासता येतं.
अनुमान – पुराव्यावरून, एका ठरावीक पद्धतीने काढलेला निष्कर्ष.
अर्थ – त्यामागे हेतू किंवा श्रद्धा काय असावी, याचं लावलेलं स्पष्टीकरण.
ऐकीव – सगळे सांगतात म्हणून सांगितलेलं.

चला, बसमध्ये बसू.

इसामाल : ज्याने जाळलं, त्यानेच लिहिलं

पिवळ्या भिंतींच्या या छोट्या गावात मधोमध एक भलाथोरला फ्रान्सिस्कन मठ आहे. गाइड म्हणतो, 'हा मठ माया पिरॅमिडवर बांधलाय.' खूण : दिसतं. मठ ज्या उंच चौथऱ्यावर उभा आहे, तो जुन्या माया वास्तूचा पाया आहे. गावातच किनिच काकमो नावाचा प्रचंड पिरॅमिड अजून शिल्लक आहे. तो बघितला की चौथऱ्याचा आकार लगेच पटतो.

याच गावात दिएगो दे लांडा या धर्मगुरूचा पुतळा आहे. आपल्या सरावातला हा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. १५६२ च्या जुलैमध्ये मानी या गावी त्याने माया लोकांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतले ग्रंथ जाळायला लावले. आज जगात माया हस्तलिखितं उरलीत फक्त चार. या प्रकरणावरून त्याची स्पेनमध्ये चौकशी झाली. त्याच सुमारास, १५६६ च्या आसपास, त्याने युकातानमधल्या लोकांचे सण, दैवतं, दिनदर्शिका, इमारती, लिपी यांच्याविषयी सविस्तर वृत्तांत लिहिला. पुढे तो बिशप होऊन परत आला.

म्हणजे सोळाव्या शतकातल्या माया जीवनाबद्दल सर्वात तपशीलवार लिहिणारा माणूस तोच, ज्याने त्यांचं स्वतःचं लिखाण जाळलं. मग हे साधन वापरायचं की नाही?

वापरायचं. पण तीन प्रश्न विचारून.

पहिला, हा मजकूर आपल्यापर्यंत कसा आला? लांडाच्या हातचं मूळ लिखाण उपलब्ध नाही. एकोणिसाव्या शतकात माद्रिदमध्ये त्याची नंतरची, संक्षिप्त नक्कल सापडली आणि १८६४ मध्ये ती छापली गेली. म्हणजे आपण 'लांडा म्हणतो' असं लिहितो, तेव्हा खरं तर 'लांडाची नक्कल करणारा म्हणतो' असं असतं.

दुसरा, त्याला ही माहिती कुणी दिली? त्याचे दोन महत्त्वाचे माहितगार म्हणजे कोकोम घराण्यातला एक सरदार आणि शिऊ घराण्याशी नातं असलेला गास्पार आंतोनियो ची. ही दोन्ही घराणी एकमेकांची जुनी वैरी. घराण्याच्या इतिहासाबद्दल माहितगार जे सांगेल, त्यात हे वैर उतरणारच.

तिसरा, लिहिणाऱ्याला न कळलेलं त्यात काही आहे का? आहे. लांडाने माया लिपीची 'बाराखडी' म्हणून एक तक्ता दिला. त्याला वाटलं, ही आपल्यासारखीच अक्षरं. अनेक वर्षं अभ्यासकांनी तो तक्ता निरुपयोगी ठरवला. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने दाखवलं की ती सुटी अक्षरं नसून उच्चाराची अवयवं आहेत. माया लिपी वाचण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला. साधन पक्षपाती असलं तरी त्यात लेखकाच्या नकळत खरी माहिती टिकून राहते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एल कास्तियो : ३६५ पायऱ्या आणि सावलीचा साप

चिचेन इत्झाला पोचल्यावर समोर येतो तो नऊ टप्प्यांचा पिरॅमिड, एल कास्तियो. गाइड एका दमात सांगतो : 'चार बाजूंना ९१ पायऱ्या, वरची एक, एकूण ३६५. म्हणजे वर्षाचे दिवस. आणि विषुवदिनी उत्तरेच्या जिन्यावरून सावलीचा साप उतरतो. माया लोकांनी हे मुद्दाम योजलं होतं.'

हे एक वाक्य नाही, चार वाक्यं आहेत. ती सुटी करा.

'९१ पायऱ्या' याला 'दिसतं' ही खूण द्यावीशी वाटते. पण थांबा. इमारतीच्या दोनच बाजू विसाव्या शतकात दुरुस्त केल्या, उरलेल्या दोन ढासळलेल्याच आहेत. आज तुम्ही जे मोजता, त्यात दुरुस्ती करणाऱ्यांचा हात आहे. मात्र लांडाने सोळाव्या शतकात प्रत्येक बाजूला ९१ पायऱ्या नोंदवल्या आहेत. दोन स्वतंत्र साधनं जुळतात, म्हणून आकडा भक्कम होतो.

'३६५ म्हणजे वर्षाचे दिवस' हे अनुमान, आणि चांगलं अनुमान. कारण माया लोकांची ३६५ दिवसांची दिनदर्शिका होती, हे इतर पुराव्यांवरून पक्कं ठाऊक आहे.

'सावलीचा साप' दिसतं. जिन्याच्या पायथ्याशी दगडी सर्पमुखं आहेत आणि टप्प्यांच्या कडांची सावली कठड्यावर त्रिकोणांची नागमोडी रांग उमटवते. पण हे दृश्य फक्त विषुवदिनी दिसत नाही. त्याच्या आधी-नंतर कित्येक दिवस ते जवळपास तसंच असतं. म्हणजे नेमका तो दिवस दाखवायलाच ही योजना होती, हे सावलीवरून सिद्ध होत नाही.

'मुद्दाम योजलं' हे अर्थ. पायऱ्या मोजणारा लांडा या सावलीबद्दल काही बोलत नाही. यावरून 'योजना नव्हतीच' असंही म्हणता येत नाही, कारण तो तिथे त्या दिवसांत, त्या वेळी होता की नाही, हेच मुळात विचारायला हवं. साधनाचं मौन हा पुरावा तेव्हाच, जेव्हा ते साधन त्या ठिकाणी बोलेल अशी वाजवी अपेक्षा असते. सिनॉप्सिसमध्ये 'या विषयावर कोणीच लिहिलेलं नाही' असं ठोकून देण्याआधी हे आठवा.

पवित्र विहीर : 'कुमारिकां'चं काय झालं?

पिरॅमिडपासून उत्तरेला एक रस्ता जातो आणि सुमारे ६० मीटर रुंदीच्या एका खोल विहिरीपाशी थांबतो. चुनखडकाचं छत कोसळून बनलेल्या अशा नैसर्गिक विहिरींना सेनोते म्हणतात. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या नाहीत, त्यामुळे पाणी म्हणजे सेनोते. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी'.

इथे गाइड आवाज खाली आणतो. 'या विहिरीत सुंदर कुमारिकांचा बळी देत.'

आता माग काढू. लांडा लिहितो की दुष्काळात इथे जिवंत माणसं टाकत. वायादोलिद शहरातून १५७९ मध्ये स्पेनच्या राजाला पाठवलेल्या अहवालात स्त्रिया टाकल्याचा उल्लेख आहे. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलाने (म्हणजे राजदूतासारख्या कॉन्सलने) विहिरीचा गाळ उपसला. सोनं, जेड, कोपल धूप आणि हाडं निघाली. बरंच काही हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेलं, त्यातला काही भाग पुढे मेक्सिकोला परत मिळाला. थॉम्पसनच्या आणि त्या काळातल्या इतरांच्या लिखाणात 'स्त्रिया'च्या 'सुंदर कुमारिका' होऊन गेल्या. पण १९४० मध्ये हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि बरीच लहान मुलं होती. म्हणजे 'कुमारिका' ऐकीव.

गोष्ट इथे संपत नाही. लहान मुलांच्या सांगाड्यावरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, कारण हाडांतले फरक वयात आल्यावर स्पष्ट होतात. म्हणजे प्रश्न होता, हाडं होती, पण उत्तर देणारी पद्धत नव्हती. ती पुढे प्राचीन डीएनएने दिली.

१९६७ मध्ये पवित्र विहिरीजवळ, विमानाच्या धावपट्टीच्या कामात, एक चुलतून म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी सापडली होती. तिच्यात शंभराहून अधिक मुलांचे अवशेष होते. त्यांतल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. नमुने कानाजवळच्या कठीण हाडाचे, आणि तेही एकाच बाजूचे घेतले होते. का? एकच मूल चुकून दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. पद्धतीच्या प्रकरणात असं एक साधं वाक्य असतं आणि सगळा निष्कर्ष त्यावर उभा असतो.

निष्कर्ष असा : ६४ च्या ६४ मुलगे. बहुतेक तीन ते सहा वर्षांचे. सुमारे पाव मुलांचं त्या टाकीतल्याच दुसऱ्या कुणाशी जवळचं रक्ताचं नातं. आणि एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या.

खुणा करू. 'सगळे मुलगे' हे अनुमान, पण फार भक्कम. 'जुळे म्हणून निवडले, कारण माया पुराणकथेत जुळे वीर आहेत' हे अर्थ. ती कथा ज्या 'पोपोल वुह' ग्रंथात सविस्तर येते, तो ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातला आणि त्याची उपलब्ध नक्कल अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. अंतर आणि काळ दोन्ही पार करून हा पूल बांधलेला आहे. तो बांधू नये असं नाही, इतर माया चित्रांतही हे वीर दिसतात. पण पूल आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे.

आणि एक सावधगिरी. हा पुरावा टाकीतला आहे, विहिरीतला नाही. 'डीएनएने सिद्ध केलं की पवित्र विहिरीत मुलग्यांचा बळी देत' असं कुणी लिहिलं, तर तीही एक नवी ऐकीव गोष्टच. जुनी दंतकथा खोडताना घाईत नवी तयार होते, ती अशी.

वायादोलिद : नाव कुणी दिलं?

शेवटचा थांबा थोडक्यात. १५४५ मध्ये स्पॅनिशांनी साकी या माया गावावर हे शहर वसवलं. सान बेर्नार्दिनो मठाच्या आवारातच एक सेनोते आहे. त्यातून जुन्या बंदुका निघाल्या. त्या १८४७ मध्ये सुरू झालेल्या माया उठावाच्या काळाशी जोडल्या जातात. पुस्तकांत या उठावाला 'जातियुद्ध' म्हणतात. हे नाव उठाव करणाऱ्यांचं नाही, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचं आहे. तुमच्या विषयातल्या रूढ संज्ञांपुढेही एकदा हा प्रश्न लिहा : हे नाव कुणी ठेवलं?

परतीच्या वाटेवर गाइड म्हणतो, 'अशी ही थोर माया संस्कृती नाहीशी झाली.' हे दिवसातलं सर्वात महागात पडणारं वाक्य. शहरं ओस पडली हे खरं, पण मेक्सिकोत आज साडेसात लाखांहून अधिक लोक युकातेक माया बोलतात. कदाचित बसचा ड्रायव्हरही बोलत असेल. २०२४ च्या त्याच अभ्यासात जवळच्या तिश्काकालतुयुब गावातले रहिवासी सहभागी झाले, आणि त्यांचं टाकीतल्या मुलांच्या समूहाशी आनुवंशिक सातत्य दिसलं. 'नाहीशी झाली' असं म्हटलं की हाडं बेवारस होतात, संग्रहालयात कुणीही न्यावीत. सातत्य मान्य केलं की ती कुणाचे तरी पूर्वज होतात आणि 'परवानगी कुणाची घ्यायची?' हा प्रश्न उभा राहतो. वाक्य तपासणं ही नुसती परीक्षेची कसरत नाही, ती यासाठी.

आता तुमचं काम

तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान घ्या. प्रत्येक वाक्यापुढे या चारपैकी एक खूण करा. जिथे 'अनुमान' येईल तिथे पद्धत लिहा, 'अर्थ' येईल तिथे 'असे मानता येईल' असं क्रियापद वापरा. 'ऐकीव' येईल तिथे संदर्भाचा माग मुळापर्यंत काढा. तीन पुस्तकं एकच गोष्ट सांगत असतील तर आधी बघा, तिघांनी चौथ्या एकाच पुस्तकातून तर घेतलेलं नाही ना. तसं असेल तर ती तीन साधनं नाहीत, एकच आहे.

आणि तुमचे दुसरे गाइड, म्हणजे मार्गदर्शक, एखादं वाक्य खात्रीने सांगतील तेव्हा? तिथेही तोच प्रश्न विचारायचा, फक्त जरा नम्रपणे : 'सर, किंवा मॅडम, हे कुठे वाचायला मिळेल?'