ढेकूण वासावरून नव्हे, सोंडेवरून ओळखा



सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की झाडावर हिरवे, ढालीसारखे चपटे किडे दिसतात. हात लागला की उग्र वास सोडतात. वास आला की आपण म्हणतो, "ढेकूण पडला, पंप काढा!" पण जरा थांबा. पिकाचा रस पिणाऱ्या ढेकणाला वास येतो, तसाच अळ्या मारणाऱ्या ढेकणालाही येतो. नुसत्या वासावर फवारणी केली तर चोराबरोबर राखणदारही मरतो.

वास येतो कुठून?

ढेकणाच्या अंगात वासाच्या ग्रंथी असतात. पिल्लांना पंख नसतात, म्हणून त्यांच्या ग्रंथी पोटाच्या पाठीकडील बाजूस उघडतात. मोठेपणी पाठ पंखांनी झाकली जाते. तेव्हा वासाचे तोंड छातीखाली, पायांच्या मुळाशी असते. या स्रावातले काही घटक कोथिंबिरीच्या पानातही असतात, म्हणून वास ओळखीचा वाटतो. मुंगी किंवा पक्षी जवळ आला की ढेकूण हा स्राव सोडतो. शत्रू मागे सरतो आणि शेजारच्या पिल्लांनाही इशारा मिळतो. स्राव डोळ्यांत गेल्यास चुरचुरतो. डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने धुवा.

ढेकणाचे खानदान

मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि ढेकूण हे सारे एकाच गणातले. कुणालाच चावायचे दात नाहीत, सुईसारखी सोंड आहे. शेतातल्या ढेकणाचा पुढचा पंख अर्धा चामड्यासारखा व अर्धा पातळ असतो.

या गणाचे मूळ पूर्वज झाडाचा रस पिणारे होते, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यातली ढेकणांची शाखा शिकारीकडे वळली. पुढे त्यांच्यातलाच एक वंश पुन्हा झाडाच्या रसावर आला. सोयाबीनवरचा हिरवा ढेकूण आणि कपाशीवरचा लाल ढेकण्या याच वंशातले. आणि त्यांच्या भाऊबंदांतले काही परत शिकारी झाले! म्हणून मित्र आणि शत्रू एकाच घरचे, दिसायला सारखे. कपाशीवर लाल ढेकण्याला पकडून शोषणारा किडाही लालच असतो.

ओळखायचे कसे?

किडा काडीने उलटा करून सोंड पाहा. हाताने धरू नका, शिकारी ढेकूण कडकडून डसतो.

१. सोंड लांब, बारीक आणि पोटाखाली सरळ चिकटलेली असेल, तर तो बहुधा रस पिणारा.
२. सोंड जाड आणि डोक्याखाली सुटी किंवा बाकदार असेल, तर तो शिकारी. अशा ढेकणाच्या सोंडेला पुष्कळदा अळी लटकलेली दिसते.

नुसत्या रंगावर किंवा खांद्याच्या काट्यांवर जाऊ नका. तुरीच्या शेंगा शोषणाऱ्या तपकिरी ढेकणालाही काटे असतात आणि अळ्या मारणाऱ्यालाही असतात.

काय करावे?

शेंगा भरण्याच्या काळात सकाळच्या गारव्यात शेतात चार-पाच ठिकाणी झाडे हलवून पाहा. त्या वेळी किडे सुस्त असतात. रस पिणारे ढेकूण थोडे असतील तर साबणाच्या पाण्याच्या घमेल्यात पाडा. हिरव्या ढेकणाची अंडी पानामागे ओळीने, पिंपासारखी चिकटलेली असतात. ताजी अंडी फिकट पिवळी असतात, ती पाने तोडून नष्ट करा. अंडी काळपट झाली असतील तर मात्र राहू द्या. त्यांत बहुधा आपल्या मित्रकीटकाची, बारीक गांधीलमाशीची, पिल्ले वाढत असतात.

एवढे करूनही ढेकूण आवरला नाही, तरच कृषी सहाय्यकाला किडा दाखवून औषध विचारा.

तेव्हा बंधूंनो, नाकाने वास घ्या, पण निर्णय डोळ्यांनी करा. आधी सोंड, मग पंप!