गावचा दवाखाना – लेखांक ७ : निरोगी माणसाचा दवाखाना

मागील लेखांकात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाचे, म्हणजे दुखणे घेऊन दारात आलेल्या माणसाला तपासून औषध देण्याचे, काम पाहिले. त्याच केंद्राकडे सोपविलेले आणि बरेचसे इमारतीबाहेर पार पडणारे दुसरे काम प्रतिबंधक आरोग्यसेवेचे आहे. रोग होऊ नये, किंवा झालाच तर तो जाणवू लागण्यापूर्वी सापडावा, यासाठी दिलेली सेवा ती प्रतिबंधक सेवा होय. या सेवेची मुख्य अडचण तिच्या स्वरूपातच आहे: आजारी माणूस डोलीत घालून का होईना पण दवाखान्यात आणला जातो, ज्याला काहीच होत नाही तो मात्र लावणीचा किंवा मजुरीचा दिवस मोडून डोंगर उतरत नाही. म्हणून उपचारासाठी जे अंतर लोक सोसतात तेच अंतर प्रतिबंधक सेवेला अडवून धरते, आणि रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाडसारख्या गावी ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी सपाटीवरील गावात दिसत नाही.

पाचाड हे नाव बहुतेकांना जिजाऊंच्या वाड्यामुळे आणि समाधीमुळे माहीत असते, आणि गडावर जाणारा प्रवासी महाडहून येऊन येथूनच पुढे चढतो. महाड तालुक्यातील पाचाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला मात्र रस्त्याकडेच्या वस्तीबरोबरच सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्याही येतात. १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल सादर केलेल्या भोर समितीने रोगनिवारण आणि रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच केंद्रातून व्हावीत असे तत्त्व मांडले आणि तातडीच्या टप्प्यासाठी ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र सुचविले. पुढे हे प्रमाण सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० असे ठरले, तर आरोग्य सेविकेच्या उपकेंद्रासाठी ते अनुक्रमे ५,००० आणि ३,००० आहे. डोंगराला दिलेली ही सवलत योग्यच आहे, परंतु ती डोकी मोजते, चढ मोजत नाही. तीन हजारांची वस्ती एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना असू शकते किंवा दहा वाड्यांत विभागलेली असू शकते, आणि कागदावर दोन्ही उपकेंद्रे सारखीच दिसतात.

या चढाची खरी परीक्षा लसीकरणात होते. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे बाळाला जन्मतःच बीसीजी, पोलिओचा पहिला डोस व कावीळ ब यांची लस मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पंचगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा संसर्ग या पाचांविरुद्धची एकत्रित लस, दिली जाते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दुसरा डोस असतो. या लसी केंद्रापासून बाळापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात, आणि त्यासाठी उभारलेल्या साठवण व वाहतुकीच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. केंद्रातील लसींचे शीतकपाट भिंतींत बर्फाचा थर धरून ठेवते. त्यामुळे चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ते आपले तापमान टिकवते, आणि पावसाळ्यात झाड पडून तारा तुटणाऱ्या भागात या साध्या रचनेचे मोल फार आहे.

लस उन्हाने बिघडते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु पंचगुणी, कावीळ ब किंवा धनुर्वाताची लस गोठली तरीही निकामी होते, हे कमी लोकांना माहीत असते. म्हणून लसीकरण सत्राच्या सकाळी बर्फाच्या चपट्या पेट्या थंडपेटीतून काढून लगेच लसवाहक डब्यात घालत नाहीत. पृष्ठभागावर पाणी सुटेपर्यंत आणि हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत त्या बाहेर ठेवाव्या लागतात. घाईत हा वेळ वाचविला तर लस दिसायला तशीच राहते, नोंद होते, आई समाधानाने घरी जाते आणि बाळाला संरक्षण मिळतेच असे नाही. उष्णतेची खूण कुपीवरच असते: वर्तुळातील चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरण्याजोगी असते, आणि तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती टाकून द्यावी लागते. लसवाहक डबा खांद्याला अडकवून ओढे ओलांडत वाडीवर जाणारी आरोग्य सेविका एका अर्थाने त्या शीतसाखळीचा शेवटचा दुवा असते, आणि तिच्या या कामाला जितका मान मिळायला हवा तितका आजही मिळत नाही.

वाडीवर पोचल्यानंतर आणखी एक पेच उभा राहतो. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी भुकटीच्या रूपात असतात. द्रावण मिसळल्यानंतर त्या चार तासांतच वापराव्या लागतात, आणि एका कुपीत अनेक डोस असतात. वस्तीत एकच बाळ असेल तर बाकीचे डोस वाया जाणार म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलण्याचा मोह होतो. शासनाचा नियम मात्र एका बाळासाठीही कुपी उघडावी असाच आहे, आणि तो सर्वथा रास्त आहे, कारण वाया गेलेल्या डोसांची किंमत हिशेबात भरून निघते, गोवर झालेल्या कुपोषित मुलाची निघत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात ते बाळ तेथे असेलच असे नाही. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचे पहिले सगळे डोस नेमके स्थलांतराच्या काळात येतात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असले तर भट्टीच्या गावची सेविका पुढचा डोस देऊ शकते, आणि ते नसले तर चौकशीतच सत्र संपते. म्हणून कुटुंब निघण्याआधी आशा स्वयंसेविकेने त्यांच्या घरी जाणे हे लस टोचण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

गरोदर स्त्रियांसाठी २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख ठरलेली आहे. त्या दिवशी डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने व साखर तपासली जाते आणि जोखमीच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल खूण केली जाते, जेणेकरून त्या स्त्रीचे बाळंतपण कोठे करायचे हे आधीच ठरावे. आषाढात घाटरस्ता बंद होण्याचे भय असलेल्या भागात ‘आधीच’ या शब्दाला वेगळेच वजन आहे. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब, मधुमेह, तसेच मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी होणारी तपासणी त्या मानाने नवी असून ती आता उपकेंद्रापर्यंत आली आहे. मशेरी लावण्याची सवय असलेल्या बायकांच्या तोंडातील पांढरा चट्टा वेळीच पाहिला जाणे ही कोकणातील खेड्यांची मोठी गरज आहे, आणि त्यासाठी लागते ती फक्त विजेरी, स्वच्छ हात व शिकलेली नजर.

प्रतिबंधाचे स्थानिक रूप त्या त्या भूमीप्रमाणे बदलते. महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंचा लेप्टोस्पायरोसिस हा आजार चिखलात राबणाऱ्यांना गाठतो, आणि पायाला जखम असलेल्यांना अधिक. जुलै २०२१ च्या महापुरासारख्या प्रसंगी जोखमीच्या लोकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देणे हा त्यावरील एक प्रतिबंधक उपाय आहे. विंचवाच्या बाबतीत तर या तालुक्याने जगाला शिकविले. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे का दगावतात हे रुग्णांच्या उशाशी बसून नोंदविले. विषामुळे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते हे त्यांनी दाखविले व रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, तोंडाने घ्यायचे औषध त्यावर वापरले. १९८२ पासून त्यांचे शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी जवळच्या केंद्रात उपलब्ध असणे आणि दंश झालेल्याला मंत्र-उताऱ्यात वेळ न घालविता तेथे आणणे, या दोन गोष्टींनी मृत्यू टळतो. अंथरूण व चपला झटकणे, सरपण आणि भाताचा पेंढा भिंतीला टेकवून न रचणे, या सवयी दंशच टाळतात, आणि त्या सांगण्याचे काम पुन्हा वाडीवर जाणाऱ्या आशाताईकडेच येते.

या सर्व कामांत एक सूत्र दिसते: सेवा वाडीपर्यंत ठरल्या दिवशी गेली तरच ती प्रतिबंधक ठरते. म्हणून पाचाडसारख्या केंद्राचा वार्षिक आराखडा आखताना लोकसंख्येबरोबर प्रत्येक वस्तीपर्यंतचा पायी लागणारा वेळ, पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा आणि स्थलांतराचे महिने यांची नोंद धरली गेली पाहिजे, आणि सेविकांची संख्या त्यावरून ठरली पाहिजे. ग्रामसभेला हा विषय मांडण्याचा अधिकार आहे. गावातील लसीकरणाचे दिवस कोणते आणि मागील वर्षी त्यांपैकी किती पार पडले, हे वाचकांनी आपल्या ग्रामपंचायतीत अवश्य विचारावे. पुढील लेखांकात उपकेंद्रातील प्रसूतीची व्यवस्था पाहू.