विश्लेषण : वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर प्रथिनांचे गणित का चुकते?

वजन कमी करण्यासाठी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली की पहिले काही महिने सगळे लक्ष वजनकाट्यावर असते. आकडा दर आठवड्याला खाली येतो, कपडे सैल होतात, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही अनेकांच्या कमी होतात. पण याच काळात काहींना कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, भाजीची पिशवी उचलताना हात थरथरतो. ‘वजन उतरतेय, मग थकवा येणारच’ असे म्हणून घरचेही दुर्लक्ष करतात. या तक्रारींमागे अनेकदा प्रथिनांची कमतरता असते. शस्त्रक्रियेनंतर प्रथिनांची गरज वाढते आणि त्याच वेळी पोटातली जागा कमालीची कमी होते. वरण, भात, भाजी, पोळी असा रोजचा स्वयंपाक असलेल्या घरात हे गणित कसे जुळवायचे?

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकला जातो. उरतो तो केळ्याच्या आकाराचा अरुंद भाग. त्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक वाटी अन्न मावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. त्यामुळे अन्न कमी जाते आणि आतड्याचा काही भाग वगळला गेल्याने शोषणही घटते. जितका लांब भाग वगळला जातो, तितका प्रथिनांच्या कमतरतेचा धोका वाढतो.

दोन्ही शस्त्रक्रियांनंतर भूक कमी लागते. भूक जागवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जात असल्याने रुग्णाला तासन् तास काही खावेसेच वाटत नाही. वजन घटवायला याची मदत होते, पण प्रथिनांच्या बाबतीत हीच गोष्ट आड येते. भूक लागल्यावर खायचे असे ठरवले, तर दिवसभराची गरज भागतच नाही.

दिवसाला किती प्रथिने हवीत?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, तर ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम.

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे आंतरराष्ट्रीय निर्देश याहून वरचे आहेत. दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि गरजेनुसार आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत. इथे ‘आदर्श वजन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णाचे आजचे वजन ११० किलो असले, तरी हिशोब त्याच्या उंचीला साजेशा वजनावर होतो. उंचीनुसार आदर्श वजन ५६ किलो असेल, तर दिवसाची मर्यादा साधारण ६० ते ८४ ग्रॅमच्या दरम्यान येते. नेमका आकडा शस्त्रक्रियेचा प्रकार, वय आणि इतर आजार पाहून आहारतज्ज्ञ ठरवतात.

कमी पडली तर काय होते?

चरबी शरीरात साठवलेली असते. प्रथिनांचे असे वेगळे कोठार नसते. आहारातून ती आली नाहीत, तर शरीर स्नायू मोडून गरज भागवते. काट्यावरचा आकडा तेव्हाही खालीच जातो, त्यामुळे रुग्ण खूश असतो. प्रत्यक्षात चरबीबरोबर स्नायूही जात असतात. स्नायू घटले की विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा कमी होते आणि पुढे वजन पुन्हा वाढण्याचा धोका निर्माण होतो. पन्नाशीपुढच्या रुग्णांचे गमावलेले स्नायू परत मिळवणे आणखी कठीण असते.

केस गळण्याबाबत मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. शस्त्रक्रियेचा ताण आणि वेगाने घटणारे वजन यामुळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात अनेकांचे केस गळतात आणि नंतर परत येतात. सहा महिन्यांनंतरही गळती थांबत नसेल किंवा तेव्हाच सुरू झाली असेल, तर प्रथिने, लोह, जस्त यांची तपासणी आवश्यक ठरते.

नेहमीच्या ताटातून किती मिळतात?

समजा, शस्त्रक्रियेला तीन महिने झालेल्या एका शाकाहारी महिलेच्या पानात अर्धी वाटी पातळ वरण, दोन चमचे भात, थोडी भाजी आणि पाव पोळी आहे. एवढ्याने तिचे पोट भरते. पण या जेवणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. तीन वेळा असे जेवण झाले तरी बेरीज १८ ग्रॅमच्या पुढे जात नाही. वरणाचे नुसते वरचे पाणी ‘ताकदीसाठी’ दिले जात असेल, तर त्यातून आणखी कमी मिळतात, कारण प्रथिने खाली बसलेल्या डाळीत असतात.

डाळ वाईट आहे असा याचा अर्थ नाही. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण शिजताना डाळ भरपूर पाणी शोषते, वर आपण आणखी पाणी घालतो. एका वाटीत डाळ थोडी आणि पाणीच जास्त असते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर एखाद्या पदार्थात प्रथिने आहेत का, एवढेच पाहून चालत नाही. पोटात तो किती जागा घेतो आणि त्या जागेत किती ग्रॅम देतो, हे पाहावे लागते.

कमी जागेत जास्त प्रथिने कशात?

रोजच्या वापरातल्या पदार्थांचे साधारण प्रमाण असे :

– एक अंडे : ६ ग्रॅम (त्यातले निम्म्याहून अधिक पांढऱ्या भागात)
– पनीर, ५० ग्रॅम : ९ ग्रॅम
– मासे किंवा चिकन, ५० ग्रॅम : ९ ते ११ ग्रॅम
– पाणी काढलेले दही म्हणजे चक्का, अर्धी वाटी : ६ ते ७ ग्रॅम
– दूध, एक कप (२०० मिलिलिटर) : ६ ते ७ ग्रॅम
– कोरडे सोयाबीन वडे, २० ग्रॅम : १० ग्रॅम
– घट्ट शिजवलेली डाळ, अर्धी वाटी : सुमारे ४ ग्रॅम
– शेंगदाणे, २५ ग्रॅम : ६ ग्रॅम, पण सोबत १४०च्या आसपास कॅलरी

आता त्याच महिलेचा दिवस वेगळा मांडून पाहता येतो. सकाळी मूगडाळीच्या पिठाचे एक छोटे धिरडे आणि त्यात किसलेले ३० ग्रॅम पनीर, साधारण १२ ग्रॅम. दुपारी अर्धी वाटी घट्ट डाळ आणि ४० ग्रॅम पनीर किंवा टोफू, सुमारे १० ग्रॅम. संध्याकाळी अर्धी वाटी चक्का, ६ ग्रॅम. रात्री २० ग्रॅम सोयाबीन वड्यांची मऊ भाजी, १० ग्रॅम. बेरीज ३८. उरलेले २२ ग्रॅम दोन जेवणांच्या मधल्या वेळात प्रथिनांच्या पावडरीतून येऊ शकतात. मांसाहारी घरात अंडे, मासे, खिमा यांमुळे हे गणित बरेच सोपे होते.

जेवताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पनीर, अंडे, मासे किंवा डाळ, मग भाजी आणि जागा उरली तर भात-पोळी. जेवणासोबत पाणी, ताक, सोलकढी घेऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे.

पहिल्या दोन महिन्यांत काय खावे?

सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे आहार पूर्ण द्रव असतो. नंतरचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले घट्ट पदार्थ, त्यापुढे मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधा आहार, असे साधारण टप्पे असतात. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि आपल्या रुग्णालयाने दिलेलेच पाळावे लागते. पहिल्या दिवसांत ६० ग्रॅमचा आकडा गाठता येत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तेव्हा पहिले प्राधान्य पाण्याला असते. घोट घोट घेत दिवसभरात दीड लिटरपर्यंत द्रव पोटात जायला हवे.

घट्ट अन्न सुरू झाल्यावर कोरडे चिकन, मटण किंवा रबरासारखे झालेले पनीर अडकल्यासारखे वाटू शकते. त्याऐवजी कुस्करलेले पनीर, मऊ उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, रश्शात शिजवलेला खिमा सोसतो. छोटा घास, २०-२५ वेळा चावणे आणि पोट भरल्याची जाणीव होताच थांबणे, हे तीन नियम इथे कामाला येतात.

काहींना, विशेषतः बायपासनंतर, दूध पचेनासे होते. अशांना दही, ताक, पनीर बहुधा चालते. चक्का चालतो म्हणून श्रीखंड मात्र चालेल असे नाही. जास्त साखर बायपासनंतर झपाट्याने आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर त्याला ‘डम्पिंग सिंड्रोम’ म्हणतात.

प्रोटीन पावडर घ्यावी का?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला आहे. त्यामुळे अनेक रुग्ण गोंधळतात. पण तो सल्ला सर्वसाधारण लोकांसाठी, विशेषतः शरीरयष्टी कमावण्यासाठी पावडर घेणाऱ्यांसाठी आहे. बॅरिअॅट्रिक रुग्णाच्या बाबतीत पावडर हा उपचाराचा भाग असतो, कारण पहिल्या काही महिन्यांत जेवणातून पुरेशी प्रथिने पोटात मावतच नाहीत.

निवडताना डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागचा तक्ता वाचावा. एका मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिने आणि साखर अगदी कमी असावी. दूध न पचणाऱ्यांसाठी ‘व्हे आयसोलेट’ प्रकारात लॅक्टोज कमी असते. सोया किंवा वाटाण्यापासून केलेल्या पावडरीही मिळतात. त्वचेसाठी विकली जाणारी कोलॅजेन पावडर हा पर्याय नाही. तिच्यात एक आवश्यक अमिनो आम्ल नसल्याने ती पूर्ण प्रथिन ठरत नाही. मुलांसाठी किंवा ‘अशक्तपणासाठी’ मिळणाऱ्या गोड माल्ट पेयांत प्रथिने कमी आणि साखर जास्त असते.

श्रावण आणि उपवासात काय?

अडचण अनेकदा इथेच येते. श्रावणात अंडी-मासे बंद होतात आणि त्यांच्या जागी दुसरे काही येत नाही. एकादशी, चतुर्थी, सोमवार धरले तर महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीत जी मिळतात ती दाण्याच्या कुटामुळे. पहिल्या वर्षात उपवास टाळावेत, असेच बहुतेक डॉक्टर सुचवतात. तरीही करायचाच असेल, तर दही, ताक, पनीर, दूध आणि राजगिरा यांवर भर देता येतो. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम प्रथिने असतात. निर्जळी उपवास मात्र धोक्याचा आहे. मधुमेहाची औषधे सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही उपवास करू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पायांवर सूज येणे, जखम न भरणे, बसल्या जागेवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणे, ही प्रथिने कमी पडत असल्याची चिन्हे असू शकतात. रक्तातील ‘अल्ब्युमिन’ची पातळी उशिरा घसरते, त्यामुळे अहवाल सामान्य असला तरी आहाराची नोंद आणि स्नायूंची ताकद तपासावी लागते. वारंवार उलट्या होत असतील तर थांबू नये. त्यातून बी-१ जीवनसत्त्व घटून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये.

नुसती प्रथिने खाऊनही स्नायू टिकत नाहीत. त्यांना काम द्यावे लागते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चालण्याबरोबर खुर्चीतून उठ-बस, हलकी वजने उचलणे असे व्यायाम सुरू करावेत. वर्षभरानंतर पोटात अन्न थोडे जास्त मावू लागते आणि चिवडा, खारी, चहा-बिस्कीट पुन्हा ताटात शिरतात. हे पदार्थ सहज उतरतात, पोट भरल्यासारखे वाटत नाही आणि प्रथिनांची जागा बळकावतात. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्यानंतर दर वर्षी रक्ततपासणी करावी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर सुरू ठेवाव्यात. त्या भेटीला जाताना आधीच्या तीन दिवसांत काय आणि किती खाल्ले, हे मोबाइलमध्ये लिहून नेले, तर आहारतज्ज्ञाला कुठे किती ग्रॅम कमी पडतात हे लगेच सांगता येते.