ट्रॅक्टरचे जड स्टिअरिंग

ट्रॅक्टर वळवताना चालकाला सुकाणूचक्रावर नेहमीपेक्षा अधिक बळ लावावे लागणे, या दोषाला जड स्टिअरिंग असे म्हणतात. त्याचे खापर बहुधा स्टिअरिंगच्या पेटीवर फोडले जाते. प्रत्यक्षात अनेकदा मूळ कारण पुढील चाकांच्या जुळणीत, टायरमधील हवेत किंवा पुढील आसावर पडणाऱ्या भारात असते आणि पेटी न उघडता ते दूर करता येते.

द्राक्षबागेतील महत्त्व

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात हा दोष विशेष त्रासदायक ठरतो. बागेतील दोन ओळींमधील अंतर साधारण ९ ते १० फूट असते. त्यातून मांडवाचे खांब, ताणाच्या तारा आणि ठिबकच्या नळ्या सांभाळत लहान ट्रॅक्टर न्यावा लागतो. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर हवा पावसाळी राहिली, तर डाउनीच्या धास्तीने ब्लोअरच्या फवारण्या लागोपाठ कराव्या लागतात. प्रत्येक ओळीच्या टोकाला पूर्ण वळण घ्यावे लागते, तेही ओल्या काळ्या जमिनीत. चक्र जड असले की वळण उशिरा पूर्ण होते आणि चाक किंवा ब्लोअर कडेच्या वेलीच्या खोडाला लागतो. वर्षानुवर्षे जोपासलेली वेल अशा एका धक्क्याने जायबंदी होऊ शकते. चालकाचे खांदे आणि मनगटे दिवसअखेर भरून येतात, याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही.

चाकांची जुळणी

पुढील प्रत्येक चाक किंगपिन नावाच्या किंचित तिरप्या खिळीभोवती वळते. या खिळीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेपासून थोड्या अंतरावर जमिनीला मिळते. हे अंतर तरफेच्या दांड्यासारखे काम करते. ते वाढले, की चिखलाचा अडथळा किंवा ढेकळाचा धक्का अधिक जोराने चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो. चाकाची तबकडी उलटी बसवून दोन चाकांमधील रुंदी वाढवली, तर नेमके हेच घडते. त्यामुळे रुंदी बदलायची असल्यास, सोय असेल तेथे आसाच्या सरकत्या भुजा वापरणे अधिक चांगले.

भुजा सरकवताना दोन्ही बाजूंचे जोडदांडेही (टाय रॉड) सारख्याच मापाने लांब किंवा आखूड करावे लागतात. घाईत हे काम अर्धवट राहते. मग चाके परस्परांशी जुळत नाहीत आणि ट्रॅक्टर एका बाजूला अधिक, तर दुसऱ्या बाजूला कमी वळतो. वळताना आतील चाकाने बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनात वळले पाहिजे, हे तत्त्व घोडागाडीच्या काळातील आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्सपर्गर यांनी १८१७ मध्ये तशी रचना केली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. नाव मात्र आकरमान यांचेच रूढ झाले.

मागील चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची पुढील चाके पुढच्या कडेला काही मिलिमीटर आत झुकलेली ठेवतात. याला टो-इन म्हणतात. ते प्रमाणाबाहेर गेले, की दोन्ही टायर सतत घासत चालतात, लवकर झिजतात आणि स्टिअरिंग जड होते. मोजण्यासाठी सपाट जागी चाके सरळ ठेवून, दोन्ही टायरांच्या पुढच्या कडेला आसाच्या उंचीवर खडूने खुणा करतात व त्यांमधील अंतर घेतात. नंतर त्याच खुणा मागे त्याच उंचीवर येतील इतका ट्रॅक्टर पुढे ढकलून पुन्हा मोजतात. दोन मापांतील फरक म्हणजे टो-इन. योग्य आकडा प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे माप आपल्या ट्रॅक्टरला लावू नये.

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलला पुढे चाकांऐवजी दोन स्की असतात. त्या उलट, पुढून किंचित फाकलेल्या ठेवतात. तेथेही स्कीवर भार अधिक पडला किंवा जुळणी बिघडली, की हँडल जड होते.

हवा, भार आणि वंगण

टायरमध्ये हवा कमी असली, की रबराचा अधिक भाग जमिनीला चिकटतो आणि तेवढे रबर घासून वळवावे लागते. जमीन दाबली जाऊ नये म्हणून मागील टायरमध्ये हवा मर्यादित ठेवणे योग्य असते. तोच नियम पुढील लहान टायरांना लावणे चुकीचे आहे. मागे जड अवजार उचलताना पुढे लोखंडी वजने लावतात. अवजार काढल्यावर ती तशीच राहिली, तर पुढील आसावर विनाकारण ओझे पडते. उलट, वजने काढून स्टिअरिंग हलके करण्याचा मोह धोक्याचा आहे. ट्रॅक्टर ताब्यात राहण्यासाठी एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढील चाकांवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

किंगपिनमध्ये चिखल व फवाऱ्याचे पाणी शिरून ग्रीस निघून जाते. जुने, मळकट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरले पाहिजे.

दोष ओळखणे

मागील चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद करून, पुढचा आस जॅकवर उचलावा आणि खाली भक्कम आधार द्यावा. साध्या स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरमध्ये आता चक्र सहज फिरले, तर दोष हवा, भार किंवा जुळणीत आहे. अजूनही जड असल्यास पेटीपासून चाकाकडे जाणारा दांडा सोडवून चाके हाताने वळवून पाहावीत. ती अडत असतील तर किंगपिन किंवा सांधे तपासावेत. सहज वळत असतील तरच पेटीकडे वळावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास तेलाची पातळी, गाळणी आणि पंप यांची तपासणी आधी करतात.

चारही चाकांना चालना असलेल्या लहान ट्रॅक्टरमध्ये आणखी एक साधे कारण आढळते. बागेतून डांबरी रस्त्यावर आल्यावर पुढील चाकांची चालना बंद करायची राहून जाते. कोरड्या, कठीण रस्त्यावर चाकांना घसरायला वाव नसल्याने वळण जड होते आणि पुढील टायर झपाट्याने झिजतात. येथे दुरुस्तीची नव्हे, तर एक दांडी ओढण्याची गरज असते.