शाळेतला सण कोणाचा?

श्रोतेहो, दसरा जवळ आला की आपल्या मराठी शाळांतून पाटीपूजनाची गडबड उडते. पाटीवर १ च्या आकड्यांची सरस्वती काढायची, वर झेंडूची फुले वाहायची! मुलांना मोठी हौस. पण त्याच वर्गात मुसलमानाचे, ख्रिस्त्याचे, बौद्धाचे मूलही मांडी घालून बसलेले असते. हात जोडावेत की नाही, हा पेच त्या सात वर्षांच्या जिवावर टाकणे बरे नव्हे.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेचे कलम २८ याबाबत स्पष्ट आहे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पूजा झाली, तरी पालकाच्या संमतीवाचून मुलाला तिथे बसवता येत नाही. मग सणाचे नावच काढू नये काय? तसे मुळीच नाही. निरनिराळ्या धर्मांची माहिती देण्यास घटनेची आडकाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. सण समजावून सांगणे वेगळे, पूजा करवून घेणे वेगळे.

गुरुजी, भिंतीवरचे कॅलेंडरच पाहा ना! नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच का? कारण तो सौर वर्षावर चालतो. ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकते? हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. दिवाळीचे महिनेही चंद्राचेच. पण सुमारे तीन वर्षांनी अधिक मास धरतात, म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. झाला की नाही गणिताचा तास!

बुद्धपौर्णिमा पुष्कळदा उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून तिची गोष्ट शाळेत राहूनच जाते. ती आधी सांगावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच. दसऱ्याच्या माहितीत हेही यावे.

एक पथ्य मात्र पाळावे. वर्गात एकच मुसलमान मुलगी असेल, तर 'तुमच्यात काय करतात, सांग' म्हणून तिला एकटीला उभे करू नये. ती हौसेने बोलली तर उत्तम. डब्यातल्या करंजीचा किंवा शीरखुर्म्याचा आग्रहही करू नये. एखाद्या घरचे पथ्य असते, कुणाचा उपवास असतो. आईबापांना आधी विचारावे.

मंडळी, दिवसभर आपल्या घरचा सण लपवून बसावे लागले, तर मूल शाळेतच परके होते. तसे होऊ न देणे गुरुजींच्या हाती आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.