एक चौकट, दोन बटणं

सबमिट दाबलं आणि पोटात धस्स झालं! फॉर्मवर शाखाच चुकीची निवडली होती. ‘नक्की पाठवायचं का?’ असं विचारणारी एक चौकट मध्ये आली असती, तर पुढची धावपळ वाचली असती.

खरं तर पॉपअप म्हटलं की आपण वैतागतो. नव्वदच्या दशकात पॉपअप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्या इथन झुकरमननं २०१४ मध्ये चक्क त्याबद्दल माफी मागितली होती! पण चौकट वाईट नसते, ती कशासाठी उघडते त्यावर सगळं ठरतं.

कॉलेज फेस्टची वेबसाइट करताय? मग एचटीएमएलचा ‘डायलॉग’ हा टॅग शिकाच. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे. फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. त्याआधी साध्या ‘डिव्ह’वर जुगाड करावा लागायचा. चौकट दिसायची खरी, पण टॅब की दाबली की कर्सर मागच्या पानावर भटकायचा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध मित्राला तर चौकट उघडलीय हेच अनेकदा कळायचं नाही.

आता काम सोपं झालंय. डायलॉगच्या टॅगमध्ये प्रश्न आणि दोन बटणं लिहा आणि जावास्क्रिप्टमधून ‘शो मोडल’ ही मेथड बोलवा. बस्स! मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, फोकस चौकटीत येतो, एस्केप दाबलं की चौकट बंद. आतल्या फॉर्मची मेथड ‘डायलॉग’ ठेवली, तर बटण दाबताच चौकट मिटते आणि कोणतं बटण दाबलं ते ‘रिटर्न व्हॅल्यू’त मिळतं. उत्तर ‘हो’ असेल तरच खरा फॉर्म पाठवायचा. एक लक्षात ठेवा, नुसतं ‘ओपन’ लिहिलं तर चौकट दिसेल, पण मागचं पान चालूच राहील.

आता बटणांवर काय लिहायचं? ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’पेक्षा ‘अर्ज पाठवा’ आणि ‘परत तपासतो’ बरं. ‘नको, मला पैसे वाचवायचेच नाहीत’ असली टोमणे मारणारी बटणं मात्र टाळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं हीसुद्धा त्यातलीच एक.

तेव्हा चौकट उघडण्याआधी स्वतःलाच विचारा, हा प्रश्न समोरच्याच्या भल्याचा आहे की आपल्या?